कुणाला सांगू नका

आप्पांना काहीतरी दिसलंय, हे आप्पांच्या न बोलण्यावरून कळतं.

एरवी हा माणूस अखंड बोलतो. रस्त्यावरचे खड्डे, महागाई भत्त्याची थकबाकी, चहातलं कमी होत चाललेलं आलं, कोणताही विषय द्या; आप्पा एकदा सुरू झाले की मंडळींचे दोन-दोन चहा होतात. पण कोजागिरी उलटते, पहाटेच्या हवेत गारवा येतो आणि एखाद्या रविवारी आप्पा आमच्या नेहमीच्या अमृततुल्यात येऊन कोपऱ्यातली खुर्ची धरतात, चहा बशीत ओततात आणि गप्प बसतात. हे गप्प बसणंसुद्धा सगळ्यांना नीट दिसेल अशा बेताचं असतं.

"काय आप्पा, काही विशेष?"

"छे! कुठे काय?"

यात आप्पांचा सगळा भर 'कुठे'वर असतो. आम्ही काय ते ओळखतो. घुबड आलं.

आता घुबड म्हणजे कुठलंही घुबड नव्हे. पिंगळा, गव्हाणी घुबड, शृंगी घुबड ही मंडळी इथलीच, बारमाही, रेशनकार्डावर नाव असलेली. आप्पांचं घुबड हिवाळी पाहुणं आहे: आखूड कानांचं घुबड. त्याची वीण तिकडे उत्तरेत, सैबेरियाच्या बाजूच्या उघड्या प्रदेशात होते. थंडी पडायला लागली की ते दक्षिणेकडे निघतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्या माळरानांवर उतरतं. वजन तीनशे-साडेतीनशे ग्रॅम, पंखांचा पसारा मात्र मीटरभर. झाडाशी याचं फारसं देणंघेणं नाही. दिवसा गवतात, चक्क जमिनीवर बसून राहतं, आणि ऊन कलल्यावर उठून गवताच्या शेंड्यांवरून तरंगत उंदीर हुडकतं. डोळे पिवळेजर्द, भोवती काजळ. ज्या कानांवरून नाव पडलं ते कान नव्हेतच, डोक्यावरचे पिसांचे तुरे. आणि तेही इतके आखूड, की बहुतेकदा दिसतच नाहीत.

या पाहुण्याचा मुख्य गुण म्हणजे त्याचा भरवसा नाही. गेल्या वर्षी ज्या माळावर होतं तिथे यंदा येईलच असं नाही. जिथे गवत बरं आणि उंदीर मुबलक, तिथे ते हिवाळा काढतं. कधी एकटंदुकटं, कधी एकाच माळावर पाच-सात. म्हणजे दरवर्षी नव्याने शोधणं आलं. आणि ज्याला ते सापडतं, त्याच्या हाती अशी एक चीज येते की जिच्यापुढे महागातली दुर्बीण आणि हातभर लांबीची लेन्सही फिकी पडते. ती चीज म्हणजे ठिकाण.

आप्पा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. उभी हयात लोकांच्या जमिनी मोजण्यात गेली. बांधावर भाऊबंदकी पेटलेली असायची, एकजण कुऱ्हाड घेऊन उभा, दुसरा वकील घेऊन. आणि आप्पा मात्र त्यांच्या डोक्यावरून उठलेला चंडोल कुठवर जातो ते बघत असायचे. पक्ष्यांचा नाद तिथे लागला आणि स्वभावही तिथेच घडला. मोजणीच्या दिवशी दोन्ही भाऊ आप्पांना आपापल्या घरी चहाला नेत. आप्पा दोन्हीकडचा चहा पीत आणि नकाशावर सही होईपर्यंत हद्दीबद्दल अवाक्षर काढत नसत. मात्र खरी हद्द कुठून जाते हे आपल्याला कळलेलं आहे, असा चेहरा दोन्ही घरी ठेवत. तो चेहरा निवृत्तीनंतर त्यांनी घुबडासाठी राखून ठेवला.

खरंच काही लपवायचं असेल तर माणूस खड्ड्यांवर आणि महागाई भत्त्यावर बोलत राहील. आप्पांना घुबड लपवायचं असतं. आपल्याजवळ लपवण्याजोगं काही आहे, हे मात्र मुळीच लपवायचं नसतं. यातून जी ओढाताण होते तिच्यावर आमच्या मंडळींचा अख्खा हिवाळा निघतो.

दसऱ्याला बाकीचे आपट्याची पानं वाटतात, आप्पा खरंखुरं सीमोल्लंघन करतात. पहाटे चार वाजता कानटोपी, खाकी जाकीट, गळ्यात दुर्बीण आणि खांद्यावर तिकाटणं अशा थाटात जिना उतरतात. शेजाऱ्याने विचारलं तर सांगतात, "दूध आणायला." दूध आणायला गेलेला हा माणूस रात्री आठला परत येतो आणि पिशवीत सीताफळं असतात. सीताफळं म्हणजे पुरंदर तालुका, हे शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा पुढच्या रविवारी आमच्या तीन गाड्या सासवडच्या बाजूला दिवसभर धूळ उडवून आल्या. माळटिटवी दिसली, धाविक दिसले, कापशी घार तारेवर बसलेली दिसली. घुबडाचं पीसही नाही. मागाहून वहिनींकडून कळलं, की सीताफळं मार्केट यार्डातून आणली होती. त्यानंतरच्या खेपेला तर आप्पांनी कमालच केली. सात पिढ्यांचा शाकाहारी माणूस भिगवणची चिलापी घेऊन आला! अर्धी मंडळी उजनीच्या काठावर धावली. चिलापी वॉचमनने खाल्ली.

पण आमच्यातही एकेक नग आहेत. वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो. त्यांनी एकदा अमृततुल्यात बसल्या बसल्या आप्पांच्या मोज्यांत रुतलेली कुसळं उपटली, चष्मा वर करून न्याहाळली आणि म्हणाले, "कुसळी गवत आहे, पक्कं वाळलेलं. कमी पावसाकडची बाजू." आप्पांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. दुसऱ्या दिवसापासून ते गमबूट घालून चहाला येऊ लागले. एक इंजिनिअर आहेत. ते आप्पांच्या फोटोतल्या सावल्या मोजतात. एक दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्या काही मोजत नाहीत. त्या थेट वहिनींना फोन करतात.

फोटोंचं तंत्र आप्पांनी हळूहळू सुधारलं. आधी फोटोखाली 'पुणे जिल्हा' असं लिहीत. मग 'पश्चिम महाराष्ट्र' लिहू लागले. हल्ली फक्त 'भारत'. पार्श्वभूमीला पवनचक्की आली तर ती कापतात, पाण्याची टाकी आली तर ती कापतात, टेकडीची रेघ ओळखता येईल म्हणून तीही कापतात; शेवटी घुबडाचे दोन डोळे आणि मधली चोच एवढाच ऐवज उरतो. असा फोटो ते रात्री पावणेबाराला पाठवतात, तोही एकदाच उघडणारा. झोपेत आपण तो उघडतो, काळोखातून दोन पिवळे डोळे आपल्याकडे रोखून बघतात आणि नाहीसे होतात. छातीतली धडधड थांबायच्या आत आप्पांचा फोन.

"पाहिलात?"

"पाहिला. कुठला?"

"झोपा आता."

घरात आप्पांची वेगळीच पंचाईत आहे. वहिनी साताऱ्याकडच्या. घुबडाला दगड मारू नये, मारलाच तर ते तो दगड उचलून नदीवर नेतं आणि उगाळत बसतं. दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, हे त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. त्यामुळे घरात घुबडाचं नाव घ्यायचं नाही असा दंडक आहे. 'पाहुणे' म्हणायचं. "पाहुणे आलेत का?" "आज दोन पाहुणे होते." एकदा हे नव्या मोलकरणीने ऐकलं आणि तिने बिचारीने दोन माणसांची पोळ्यांची कणीक जास्तीची मळून ठेवली.

त्यात घुबडाचा मोसम येतो नेमका दिवाळीत. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरोघरी लोक लक्ष्मीची वाट बघत असतात आणि आप्पा एकटे तिच्या वाहनाच्या मागे माळावर फिरत असतात. घरची लक्ष्मी ताट वाढून बसलेली असते ती वेगळीच. एका दिवाळीत वहिनींची धाकटी जाऊ फराळाला आली. ओट्यावर कंदी पेढ्यांचा डबा दिसला म्हणून तिने कौतुकाने उघडला. आत कापसावर मांडून ठेवलेले करड्या रंगाचे केसाळ गोळे होते आणि त्यातल्या एकातून उंदराची इवलीशी कवटी दात विचकत होती. घुबड उंदीर सबंध गिळतं आणि न पचलेली हाडं नि केस यांचा गोळा करून तोंडावाटे टाकून देतं. कोणत्या माळावर ते किती आणि कसले उंदीर खातं याचा तो अस्सल पुरावाच असतो, शेतकऱ्याच्या दृष्टीने मोलाचा. हे सगळं आप्पांनी जावेला समजावून सांगितलं. पण ती तोवर जिना उतरून रिक्षात बसली होती. खरी गंमत पुढे आहे. आप्पा खिडकीतून ओरडले, "डबा कुठून आणला ते कुणाला सांगू नका!"

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. या दोन तारखांच्या मधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्या आठवड्यात आप्पांना शाळाशाळांतून व्याख्यानाला बोलावतात. विषय ठरलेला: 'आपले हिवाळी पाहुणे'. धोबी, भोवत्या, चक्रवाक, पट्टकादंब असे एकेक फोटो दाखवत, तपशील सांगत आप्पा छान रंगतात. शेवटी पडद्यावर घुबड येतं. पोरं 'ओ' करतात. मग पहिल्या बाकावरची एखादी चिमुरडी हात वर करते.

"आजोबा, हे कुठे दिसतं?"

"माळावर."

"कुठल्या माळावर?"

आप्पा मुख्याध्यापकांकडे बघतात, मुख्याध्यापक घड्याळाकडे बघतात आणि आभारप्रदर्शन सुरू होतं.

या लपवालपवीवरून सरांनी एकदा आप्पांना चांगलंच धरलं. "आप्पा, रानपिंगळ्याचं काय झालं ठाऊक आहे ना? १८८४ नंतर तो पक्षी कुणाला धड सापडला नाही. अपवाद एकच. कर्नल माइनर्ट्‌झहागेन नावाचा इंग्रज म्हणाला, मी १९१४ साली गुजरातेत मिळवला. संग्रहालयात नमुना, वर चिठ्ठी, सगळं चोख. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी उकरून काढलं, की तो नमुना जेम्स डेव्हिडसन यांनी त्याच्या कितीतरी आधी खानदेशात मिळवलेला. या गृहस्थाने संग्रहालयातून ढापून, नवी चिठ्ठी लावून आपल्या नावावर खपवला. ठिकाण खोटं, सालही खोटं! बाई जुन्या, खऱ्या ठिकाणांचा माग काढत निघाल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी दोघा सहकाऱ्यांसह त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. शंभरावर वर्षांनी! ठिकाणाशी खेळ केला की असं होतं."

सगळे आप्पांकडे बघायला लागले. आप्पांनी बशी खाली ठेवली.

"सर, त्याने खोटं ठिकाण सांगितलं. मी कुठलंच सांगत नाही. माझ्या चिठ्ठ्या खऱ्या आहेत. ठिकाण, गट नंबर, तारीख, वेळ, सगळं वहीत आहे. मी गेल्यावर उघडा."

"आणि चिलापी?"

"ती मी विकत आणली. पावती आहे."

आप्पांची बाजू अगदीच लंगडी नाही, हे सांगायला हवं. मागे एका हिवाळ्यात एक माळ असाच फुटला. आठ दिवसांत तिथे गाड्यांची रांग लागली. दिवसा गवतात विसावलेल्या घुबडाभोवती चारी बाजूंनी गाड्या लावायच्या, उडतानाचा फोटो हवा म्हणून ते उडेपर्यंत जवळ जायचं, बसलं की पुन्हा उठवायचं. हजारो किलोमीटर उडून आलेल्या जिवाला तासाभराची विश्रांती मिळेना. ते तिथून गेलं. दिवाळीच्या सुमाराला दुसरंही एक गिऱ्हाईक फिरत असतं. जादूटोण्यासाठी घुबडं पकडून विकणारे अजून आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी असली तरी आहेत. आणि तिसरी भीती फक्त आप्पांसारख्यालाच वाटू शकते. या माळांच्या सातबाऱ्यावर काय लिहिलेलं असतं ते त्यांना पाठ आहे: गायरान, नाहीतर पोटखराबा. कागदावर जी जमीन खराब, तिच्यावर काही ना काही उभारायला सगळ्यांचे हात शिवशिवतात. कुणी खड्डे खणून झाडं लावतं, कुणी प्लॉट पाडतं. गवतावर जगणाऱ्याला झाडाचा काय उपयोग, हे वृक्षारोपणाच्या समारंभात विचारायची सोय नसते. आप्पांनी एकदा विचारलं होतं. त्यांना श्रीफळ न देताच परत पाठवलं.

तर असे हे आप्पा. आता एवढं सगळं मनात कोंडून माणूस किती दिवस काढणार? दिवाळी सरताच आप्पांनी एका संध्याकाळी मला गाठलं, पर्वतीच्या पायथ्याशी बाजूला घेतलं आणि इकडेतिकडे बघून म्हणाले, "तुम्हाला म्हणून सांगतो. दुसऱ्या कुणाला नाही. डांबरी सोडायची, देवळामागची पाणंद धरायची, ओढा ओलांडला की दोन जुळ्या बाभळी. तिथे गाडी लावून चालत जायचं. पावणेसहाला उठतं. शपथ घ्या."

मी शपथ घेतली. मनातून जरा फुशारलोसुद्धा. एवढ्या मंडळींत आप्पांनी आपल्याला निवडलं! रविवारच्या चहाला येणार नाही असं मी ग्रुपवर कळवलं. दाढ दुखतेय असं कारण दिलं. डॉक्टरीणबाईंनी ताबडतोब कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. आपणही येणार नसल्याचं त्यांनी कळवलं, दवाखान्यात रांग होती म्हणे. इंजिनिअरांच्या मेहुण्याचा साखरपुडा निघाला. सरांना बहिणीकडे भाऊबीज होती. भाऊबीज होऊन गेली होती, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नाही.

रविवारी दुपारी मी डांबरी सोडली, पाणंद धरली, ओढा ओलांडला. जुळ्या बाभळींखाली गाडी लावायला जागा नव्हती.

पहिल्यांदा दिसले सर. गवतात उकिडवे बसून कुठलंसं पान बघत असल्याचं नाटक करत होते. पलीकडे इंजिनिअर, मेहुणाही सोबत होता, त्याच्या गळ्यात दुर्बीण होती, म्हणजे साखरपुडा अगदीच खोटा नसावा. मी वळून निघायच्या बेतात होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"दाढ कशी आहे?"

"बरी आहे. दवाखान्यातली रांग लवकर संपली वाटतं?"

डॉक्टरीणबाईंनी उत्तर दिलं नाही. कारण पाणंदीतून गमबूट येताना दिसत होते.

आप्पा जवळ आले. जुळ्या बाभळींखालच्या गाड्या त्यांनी एकेक करून मोजल्या. मोजणीची सवय. मग आमच्याकडे बघितलं. आम्ही सगळे शाळकरी पोरांसारखे मान खाली घालून उभे.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" आप्पांनी करड्या आवाजात विचारलं.

कुणी काही बोललं नाही. सगळ्यांनीच शपथ घेतलेली. शपथ मोडल्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर देता येत नव्हतं आणि विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक होतं. आप्पांनी तो पेच क्षणभर चाखला. मला तरी त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसला नाही. आपल्या एका शब्दावर एवढी शिकलेली माणसं घरी-दारी खोटं बोलून चाळीस-पन्नास मैल आली, हे ते मनातल्या मनात नोंदवत होते.

इतक्यात मेंढरं आली. माळाच्या उतारावर धनगरांचा वाडा उतरला होता. दिवाळीच्या सुमाराला ही माणसं कमी पावसाच्या मुलखातून मेंढरं, घोडी, कोंबड्या, पोरंबाळं घेऊन पश्चिमेला निघतात, घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. एक म्हातारबा काठी टेकत आमच्याजवळ थांबले.

"काय हरवलंय का पाव्हनं?"

"घुबड बघायला आलोय," मेहुणा बोलून गेला. त्याला शपथ नव्हती.

"कंचं, त्ये भुईवर बसतंय त्ये? हितं दोन हैत. वाड्याच्या अंगाला आनिक चार असत्याल. दरसाली यत्यात की. आमी खाली कोकनात जायला निघतो, तवा ती हितं यत्यात."

आप्पांच्या वहीत एकाचीच नोंद होती. त्यांनी वही उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मग म्हातारबांना जरा बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाबा, दुसऱ्या कुणाला सांगू नका."

"कुनाला सांगू?" म्हातारबा म्हणाले. "कुनी इचारतच न्हाई."

पावणेसहाला पाहुणे उठले. दिवसभर माळ धुंडाळून भोवत्या मुक्कामाला गवतात उतरत होते आणि त्याच गवतातून आधी एक, मग दुसरं घुबड वर आलं. पंखांची उघडझाप सावकाश, आवाज नाही. एकाने आमच्या दिशेने तोंड वळवलं आणि त्या काजळ घातलेल्या पिवळ्या डोळ्यांनी सगळ्या मंडळींची एकदा हजेरी घेतली. आमच्यातल्या कुणीही कॅमेऱ्यासाठी एक पाऊल पुढे टाकलं नाही. आप्पा मागे काठी घेऊन उभे होते, हेही त्याचं एक कारण असेल. परतताना गाड्यांपाशी त्यांनी पुन्हा सगळ्यांना शपथ घातली, या वेळी सामुदायिक.

हे सगळं लिहून काढायचं ठरवलं तेव्हा कच्चा मजकूर मी आधी आप्पांना वाचायला दिला. दुसऱ्या दिवशी तो लाल शाईने माखून परत आला. गावाचं नाव खोडलेलं. तालुका खोडलेला. देवळाचं नाव, ओढ्याचं नाव, टोलनाक्याचा उल्लेख, सगळं गेलं. चिलापीवर प्रश्नचिन्ह. जुळ्या बाभळी राहू दिल्या होत्या, कारण प्रत्यक्षात त्या बाभळी नाहीत, असं समासात लिहिलं होतं. आणि शेवटी, सुवाच्य अक्षरात सूचना: "जिथे जिथे नुसतं 'आप्पा' लिहिलंय तिथे निदान पहिल्यांदा तरी माझं पूर्ण नाव, आडनावासकट, हुद्द्यासकट घालावं. वाचकांना कळायला हवं."

त्यांच्या बाकीच्या सगळ्या सूचना मी पाळल्या आहेत. ही तेवढी पाळलेली नाही. छापून आल्यावर ते मला जाब विचारतील. मी बशीत चहा ओतून गप्प बसणार आहे. तुम्हीही त्यांना ओळखलं असेल, तर कुणाला सांगू नका.